ईदी आणि हिमायत बाग

ईदच्या दिवशी शीरखुर्मा झाला, की आम्ही भावंडे ईदीचे पैसे मुठीत धरून औरंगाबादच्या हिमायत बागेत पळायचो. दिल्ली गेटजवळची ही मुघलकालीन बाग. पडलेल्या चिंचा वेचायच्या, तिखट-मीठ लावलेले पेरू खायचे. अम्मी आणि खाला चटईवर मगरिबपर्यंत गप्पा मारत बसायच्या.

यंदा मुलांना घेऊन गेलो. झाडे आहेत, पण सावलीत प्लास्टिकच्या पिशव्या. दोष कोणाला द्यावा? पिशव्या आपल्याच घरांतून येतात.

लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, असे हदीसमध्ये आहे. लावणाऱ्यांनी त्यांचे काम केले. आपण मुलांसाठी काय ठेवणार?

पुढच्या ईदला चटईबरोबर एक रिकामे पोतेही नेऊ. चिंचांआधी कचरा वेचू.