भंगाराच्या काट्यावर चढवण्याआधी

कोगनोळीतच कशाला, कागलपासून निपाणीपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांच्या गावांत गोठ्याच्या भिंतीला टेकलेली एखादी काळी सायकल हमखास सापडते. अ‍ॅटलस, हर्क्युलस, हीरो. नशीब असेल तर आसनसोलची सेन-रॅले. घरात मोटरसायकल आली आणि हिची हवा गेली ती गेलीच. मग एक दिवस भंगारवाला दारात येतो, सायकल काट्यावर चढवतो. वीसेक किलो वजन, किलोला पंचवीस रुपये धरले तर पाचशे. आजी नोट कनवटीला लावते. मला हा सौदा पाहवत नाही. पाचशे हा लोखंडाचा भाव झाला. चालणाऱ्या सायकलीचा भाव वेगळा असतो, आणि तो घरबसल्या काढता येतो.

आधी सांगाड्याची परीक्षा. मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेला दोरा बांधा, पुढे हॅन्डलखालच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेला आणून ताणा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्यांचं अंतर पट्टीनं मोजा. सारखं भरलं तर सांगाडा सरळ. बोटभर फरक पडला तर ती कधीतरी जोरात आपटली आहे, भाव तिथंच कोसळला. मग चेन. फूटपट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये बाराव्या इंचावर बरोबर पिनचा मध्य येतो. तो अर्धं सूत पुढे सरकला असेल तर चेन बदलायला आली. पूर्ण एक सूत सरकला असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलचे दातेही गेले समजा.

गिऱ्हाईक मात्र आवाजावर भाव पाडतं. पायडलच्या प्रत्येक फेरीला ‘टक्’ वाजलं की ते मान हलवतं आणि दोनशे कमी करतं. बहुतेक वेळा तो दोष क्रँकच्या ढिल्या कॉटर पिनचा असतो, आणि पिन अगदी किरकोळ पैशांत मिळते. ती बसवून, छर्ऱ्यांना नवं ग्रीस घालून, चाकांचा आऊट काढूनच सायकल दाखवा. खरी महाग दुखणी मुकी असतात: आतून गंजलेली रिम, मागे दबलेला चिमटा. ती विकणाऱ्यानं स्वतः सांगावीत. गावातल्या गावात सौदा करायचा तर लपवाछपवी चालत नाही, चालूही नये.

रंग मात्र लावू नका. हे मी हात जोडून सांगतो. कोल्हापूर-पुण्याकडचे जुन्या सायकलींचे हौशी मूळ रंग, पुढचा बिल्ला, सळ्यांचे ब्रेक, चेनचा बंद डबा आणि चामड्याची सीट बघतात. नव्या रंगाखाली जुन्या सोनेरी रेघा गेल्या की त्यांच्या दृष्टीनं निम्मी सायकल गेली. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. तेव्हापासून प्रत्येकाला आपली अ‍ॅटलस दुर्मिळ वाटते. तसं नाही. या सायकली अफाट संख्येनं निघाल्या, गल्लोगल्ली पडून आहेत. मोबाइलवर कुणी मागितलेला आकडा हा भाव नव्हे; सायकल प्रत्यक्ष ज्या पैशांत जाते तो भाव.

वरची मर्यादा नव्या सायकलीनं ठरते. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, म्हणजे जुनीनंही थोडं खाली यायला हवं. दुकानात नव्या काळ्या सायकलीची किंमत विचारा. त्या किमतीच्या निम्म्यातून टायर-ट्यूब, चेन आणि मजुरीचा खर्च वजा करा. उरेल तो आकडा गवताचा भारा किंवा दुधाची किटली नेणाऱ्याला मागायला मला रास्त वाटतो. उरलेला आकडा पाचशेच्या खाली गेला, तरच भंगारवाल्याला हाक मारा.

आपल्या सीमाभागात आणखी एक सोय आहे. कर्नाटकातली केए-23 ची मोटरसायकल दूधगंगेपलीकडं महाराष्ट्रात कायमची एमएच-09 करायची तर ना-हरकत दाखल्यापासून हेलपाटे सुरू होतात. सायकलीला आरसी बुक नाही, त्यामुळं कागल-कोल्हापूरचं गिऱ्हाईकही आपलंच. पण कागद नाही म्हणूनच साधी पावती लिहा: तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या आणि सांगाड्यावर ठोकलेला नंबर. तो सीटच्या नळीजवळ किंवा क्रँकच्या डब्याखाली असतो. सायकल उलटी करून तारेच्या ब्रशनं घासली की दिसतो.