शेवटच्या गाडीचा न्याय

मोटारींच्या शर्यतींचे वेड ज्यांना लागले आहे, त्या शौकिनांच्या गोतावळ्यात एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. सर्वश्रेष्ठ चालक कोण, हा वाद तर आहेच. परंतु त्याहूनही अधिक चवीने चघळला जातो तो सर्वांत वाईट कामगिरी कोणाची, हा प्रश्न. फॉर्म्युला वन शर्यतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली. तेव्हापासून या शर्यतींत जे जे रखडले, घसरले, आपटले अथवा अखेरच्या स्थानावर राहिले, त्या सर्वांची नावे हे शौकीन तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि प्रत्येक जण आपल्या आवडीच्या अपराध्याला तळाचा मान मिळावा म्हणून हिरिरीने भांडतो. दुसऱ्याची फजिती आठवण्यात माणसाला एक वेगळीच गोडी वाटते, हे कटू असले तरी खरे आहे. हा वाद निव्वळ करमणुकीचा असता, तर त्याची दखल घेण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु या लोकन्यायालयात पुरावा न तपासता शिक्षा ठोठावली जाते, आणि शिक्षा झालेल्या माणसाची तीच एक ओळख उरते. म्हणून या न्यायदानाची पद्धतच एकदा तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या वादात पहिले नाव निघते ते बहुधा अल पीझ याचे. कॅनडातील मोस्पोर्ट येथे १९६९ साली झालेल्या ग्रां प्रीमध्ये, पुढच्या गाड्यांच्या ४६ फेऱ्या झाल्या तेव्हा त्याच्या अवघ्या २२ झाल्या होत्या. अखेर काळा बावटा दाखवून त्याला शर्यतीबाहेर काढण्यात आले. गाडी फार हळू चालवल्याबद्दल बाद झालेला चालक म्हणून इतिहासाने त्याची नोंद करून ठेवली आहे. नोंद खरी आहे. पण ती पुरी नाही. त्याच्या हाती जी ईगल गाडी होती ती जुनी होती आणि तिचे इंजिन त्या काळच्या चांगल्या इंजिनांच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. कॅनडातील देशी शर्यतींत या माणसाला मान होता, आणि पुढे त्या देशाच्या मोटार-क्रीडा सन्मान-दालनात त्याला स्थानही मिळाले. जगाला मात्र तो ठाऊक आहे तो एका दुपारच्या मंदगतीसाठी.

गाडी जुनी होती ही सबब ज्याच्यापाशी नव्हती, असे उदाहरण शोधू गेल्यास इटलीच्या लुका बादोएरचे नाव पुढे येते. २००९ साली हंगेरीतील पात्रता-सत्रात पुढच्या गाडीतून निखळलेली एक स्प्रिंग फेरारीच्या फेलिपे मासाच्या डोक्यावर आदळली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. त्याच्या जागी मायकेल शूमाकरला परत आणण्याचा बेत ठरला. परंतु मानेच्या जुन्या दुखापतीमुळे तो फसला. तेव्हा फेरारीने आपल्या चाचणी-चालकाला, म्हणजे बादोएरला, गाडीत बसवले. व्हॅलेन्सियाच्या पात्रता-सत्रात तो सर्वांच्या मागे राहिला. शर्यतीत सतरावा आला, म्हणजे अखेरपर्यंत धावणाऱ्यांत शेवटचा. पिटमधील वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल सरावाच्या वेळीच त्याला चार वेळा दंड झाला. पुढच्याच आठवड्यात बेल्जियममधील स्पा येथे तो पुन्हा पात्रतेत शेवटचा आणि शर्यतीतही शेवटचा. त्याच दोन शर्यतींत त्याचा सहकारी किमी रायकोनेन त्याच फेरारीतून एकदा तिसरा आला आणि एकदा चक्क जिंकला. मग काय विचारता? वृत्तपत्रांनी त्याच्या नावावर कोट्या केल्या, शौकिनांनी त्याला तळाच्या सिंहासनावर बसवले, आणि दोन शर्यतींनंतर फेरारीने त्याला उतरवले.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण बादोएरच्या बाबतीत अगदी चपखल बसते, असे कोणासही वाटेल. परंतु अंगणाकडे जरा पाहू या. १९९९नंतर दहा वर्षांत या माणसाने एकही ग्रां प्री धावलेली नव्हती. हंगाम चालू असताना गाड्यांच्या चाचण्या घेण्यास त्या वर्षापासून नियमानेच बंदी आली होती, त्यामुळे चाचणी-चालकाला चाचणीच उरली नव्हती. व्हॅलेन्सियाचा शहरी रस्त्यांवरचा मार्ग आदल्या वर्षीच प्रथम वापरात आला होता. त्यावर तो कधी धावला नव्हता. २००० ते २००४ या काळात शूमाकरने फेरारीसाठी ओळीने पाच अजिंक्यपदे जिंकली. त्या गाड्या घडत असताना हजारो मैलांच्या चाचण्या ज्यांनी घेतल्या, त्यांत बादोएर होता. त्या विजयांच्या छायाचित्रांत तो कोठे दिसत नाही. आणि १९९९ साली न्यूरबुर्गरिंग येथे मिनार्डीसारख्या दुबळ्या संघाच्या गाडीतून तो चौथ्या स्थानावर धावत असता, अवघ्या तेरा फेऱ्या उरलेल्या असताना, गिअरपेटी तुटली. गाडीपाशी उभा राहून तो ढसाढसा रडला. सुमारे पन्नास ग्रां प्री धावूनही त्याच्या खात्यावर एकही गुण जमा झाला नाही. एकही गुण न मिळवता इतक्या ग्रां प्री अन्य कोणी धावलेल्या नाहीत. त्याचा सर्वांत चांगला दिवस आणि सर्वांत वाईट दिवस हे दोन्ही निकालपत्रात सारखेच दिसतात: गुण शून्य!

यावरही कोणी म्हणेल की, खरा कसलेला चालक असता तर तो तरला असता. या युक्तिवादाचे उत्तर त्याच हंगामाने दिले आहे, आणि आम्हां भारतीयांना ते विशेष आठवावे असे आहे. स्पाच्या ज्या शर्यतीत बादोएर शेवटचा आला, त्याच शर्यतीत भारतीय मालकीच्या फोर्स इंडिया संघाची गाडी पात्रतेत पहिली आली आणि प्रत्यक्ष शर्यतीत एका सेकंदाहूनही कमी अंतराने दुसरी. त्या गाडीत जियानकार्लो फिजिकेला होता. फेरारीने लगोलग त्यालाच बादोएरच्या जागी नेमले. कसलेला, ऐन भरात असलेला, नुकताच पराक्रम गाजवलेला चालक! त्याने हंगामाच्या उरलेल्या पाचही शर्यती फेरारीतून धावल्या आणि त्या पाचांत मिळून एकही गुण मिळवला नाही. अंगण खरोखरच वाकडे होते. अपरिचित गाडी सरावाविना आयत्या वेळी हाती आली, तर चांगल्या चालकाचीही गत काय होते, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

निकालपत्र जसे निष्कारण बुडवते, तसे ते निष्कारण तारतेही. आपल्या नारायण कार्तिकेयनचेच उदाहरण घ्या. २००५ साली इंडियानापोलिस येथे तो चौथा आला. एखाद्या भारतीयाने फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवण्याचा तो पहिलाच प्रसंग होता आणि देशभर त्याचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. परंतु टायरांच्या सुरक्षिततेविषयीच्या तंट्यामुळे त्या दिवशी प्रत्यक्षात सहाच गाड्या धावल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. उलट २०१२ साली मलेशियात, भर पावसात, तेव्हाच्या बहुधा सर्वांत दुर्बल गाडीतून तोच कार्तिकेयन काही काळ दहाव्या स्थानावर होता. ती त्याच्या कर्तबगारीची अधिक खरी खूण. पण त्या शर्यतीतले लोकांच्या लक्षात काय राहिले? एका फेरीने पुढे जात असलेल्या सेबॅस्टियन व्हेटेलच्या टायरला त्याची गाडी घासली, टायर फुटले, जगज्जेत्याने रागाच्या भरात त्याला शब्दांचे फटके दिले आणि पंचांनी वीस सेकंदांचा दंड केला, एवढेच. कार्तिकेयनची चूक नव्हतीच, असा आमचा दावा नाही. एक चूक म्हणजे सबंध कामगिरी नव्हे, एवढेच आम्हांस म्हणायचे आहे.

मग वाईट कामगिरी म्हणून काही नसतेच काय? असते, आणि तिला वाईट म्हणण्यास कचरू नये. २००६ साली इमोला येथे जपानच्या युजी इदेने पहिल्याच फेरीत क्रिस्तियान आल्बर्सच्या गाडीला धडक दिली. आल्बर्सची गाडी कोलांट्या खात उलटली. तो बचावला, हे सुदैव. चार शर्यतींनंतर इदेचा परवाना काढून घेण्यात आला, आणि तो निर्णय आमच्या मते रास्त होता. कारण येथे प्रश्न हळू चालवण्याचा नव्हता, दुसऱ्याच्या जिवाचा होता. तथापि याच इदेने आदल्या वर्षी जपानमधील फॉर्म्युला निप्पॉन स्पर्धेत दुसरे स्थान मिळवले होते. पुरेशा सरावाविना, २००२ सालच्या सांगाड्यावर उभारलेल्या गाडीत बसवून त्याला जगातील सर्वांत वेगवान चालकांच्या गर्दीत लोटणारे कोण होते? परवाना गेला तो चालकाचा. त्याला लोटणाऱ्यांचे नाव वादात निघत नाही.

ही उणीव काही अंशी नियामकांच्याही ध्यानात आली असली पाहिजे. पात्रतेतील सर्वोत्तम वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत न येणाऱ्या गाडीस शर्यतीत घेऊ नये, हा नियम १९९६ साली आला, मध्यंतरी गेला आणि २०११ साली परत आला. २०१६पासून तर फॉर्म्युला वनचा परवाना मिळण्यास खालच्या शर्यतींतून ४० गुण मिळवावे लागतात. पैशाच्या बळावर जागा मिळवणाऱ्यांची वाट त्यामुळे बंद झाली नाही, पण काहीशी अवघड झाली. दारावरचा पहारा चोख असला म्हणजे आत आलेल्यावर दगड मारण्याची पाळी येत नाही.

थोरांच्या चुकांना आपण कोणता न्याय लावतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९८८ साली मोनॅको येथे आयर्टन सेना जवळजवळ एका मिनिटाने पुढे होता. केवळ अकराच फेऱ्या उरल्या असताना, मागून कोणी रेटत नसताना, त्याने गाडी कठड्यावर घातली. हीच चूक शेवटच्या गाडीकडून झाली असती तर ती नालायकी ठरली असती. सेनाकडून झाली म्हणून तिची दंतकथा झाली. आपल्या क्रिकेटमध्येही १९७५च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर सुनील गावसकर साठ षटके खेळून ३६ धावांवर नाबाद राहिला होता. त्या खेळीचे समर्थन कोणी करत नाही. पण त्या एका डावावरून गावसकर तोलावा असेही कोणी म्हणत नाही. हे तारतम्य आपण थोरांना उदार हस्ते देतो आणि लहानांच्या वाट्याला मात्र ते येऊ देत नाही.

आणि काही वेळा तर ज्याला आपण नामुष्की म्हणतो, ते धैर्य असते. १९७६च्या १ ऑगस्टला न्यूरबुर्गरिंगवर निकी लाउडा पेटत्या गाडीत होरपळला. मरणाच्या दारातून परत येऊन सहा आठवड्यांच्या आत तो पुन्हा शर्यतीत उतरला. हंगामाची अखेरची शर्यत जपानमध्ये फुजी येथे, धो धो पावसात. अजिंक्यपद हाताशी आलेले. लाउडाने दोन फेऱ्यांनंतर गाडी उभी केली आणि इतक्या पावसात धावणे हा वेडेपणा आहे, असे सरळ सांगितले. इंजिन बिघडल्याचे जाहीर करू, असे संघाने सुचवले. तेही त्याने नाकारले. एका गुणाने अजिंक्यपद जेम्स हंटकडे गेले, आणि इटलीत लाउडाच्या नावे भित्रेपणाचा शिक्का तयार झाला. निकालपत्रात ती दोन फेऱ्यांची कामगिरी आहे. आमच्या मते त्या दिवशी फुजीवर तिच्याइतकी धैर्याची दुसरी कामगिरी नव्हती. पुढे १९७७ व १९८४ साली पुन्हा जगज्जेता होऊन त्याने उत्तर दिले. न दिले असते, तरी त्याचा निर्णय बरोबरच ठरला असता.

प्रेक्षकाने टीका करूच नये काय, असा प्रश्न आम्हांस विचारला जाईल. अवश्य करावी. तिकिटाला पैसे मोजणाऱ्याचा आणि रात्री जागून शर्यत पाहणाऱ्याचा तो हक्क आहे. मात्र काठावर उभे राहून तांडेलाला वल्हवायला शिकवताना होडीला भोक आहे की काय, हे आधी पाहावे. गाडी कोणती होती, सराव किती मिळाला होता आणि त्याच्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात आला काय, हे तीन प्रश्न विचारल्याविना कोणाही चालकाला तळाचा मान देऊ नये. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा मालकांकडे व नियामकांकडे बोट दाखवतात. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर मात्र चालकाची गय करण्याचे कारण नाही.

शेवटी एक गोष्ट या वादकांनी विसरू नये. १९९४ साली इमोला येथे ऑस्ट्रियाचा रोलँड रॅट्झेनबर्गर सिमटेक या दुबळ्या संघाच्या गाडीतून शर्यतीतील मागच्या रांगांत जागा मिळावी म्हणून पात्रता-सत्रात झटत होता. गाडीचा पुढचा पंख तुटला आणि तो भिंतीवर आदळून मरण पावला. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पुढे धावणारा सेनाही त्याच मार्गावर गेला. सेनाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा ध्वज सापडला. शर्यतीनंतर रॅट्झेनबर्गरच्या स्मरणार्थ तो फडकवण्याचा त्याचा मानस होता, असे सांगतात. पहिल्या रांगेतल्या माणसाला शेवटच्या रांगेतल्या माणसाची किंमत ठाऊक होती, कारण दोघांनी पणाला लावले ते एकच होते. घरी खुर्चीत बसून न्याय करणाऱ्यांनी निदान तेवढी जाण ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.