विश्लेषण : सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताना किलोमीटर पाहायचे की इंजिनाची कुंडली?

जुनी गाडी पाहायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती किलोमीटर चालली आहे?’ साध्या हॅचबॅकसाठी हा प्रश्न बऱ्यापैकी कामाचा आहे. ताकदवान स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र केवळ या आकड्यावर विसंबणे महागात पडते. पोर्शे ९११ या जर्मन गाडीच्या ‘९९६’ पिढीचा अनुभव हेच सांगतो.

‘९९६’ची अडचण काय?

१९६० च्या दशकापासून ९११ चे इंजिन हवेने थंड होत असे. १९९७ मध्ये आलेल्या ९९६ पासून ते पाण्याने थंड होऊ लागले. या गाडीच्या ‘एम९६’ इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत नेण्यासाठी मधे एक दांडा आहे. त्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. त्याचे एक टोक सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरते. कालांतराने सील खराब होते, आतले ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंगला ताजे ऑइलही पुरेसे मिळत नाही. बेअरिंग तुटले की दांडा जागचा हलतो, कॅमशाफ्टचा मेळ चुकतो आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. एका छोट्या भागापायी अख्खे इंजिन निकामी होते. नवे इंजिन बसवण्याचा खर्च कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

सगळ्याच गाड्यांना धोका आहे?

नाही. अमेरिकेत मालकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. ती मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात तयार झालेल्या ९११ आणि बॉक्सस्टर गाड्यांपुरती होती. या गाड्यांत एकेरी रांगेचे बेअरिंग होते. त्याआधीचे दुहेरी रांगेचे बेअरिंग तुलनेने टिकाऊ ठरले. पुढे मोठे बेअरिंग आले आणि २००९ च्या मॉडेलपासून हा दांडाच काढून टाकला गेला. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये हान्स मेझगर यांच्या परंपरेतले वेगळे इंजिन होते. त्यात ही अडचण नव्हती. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांचे भवितव्य अगदी वेगळे असू शकते. दोषाची शक्यता असलेल्या गाड्यांपैकीही बहुसंख्य गाड्या विनातक्रार चालल्या.

कमी चाललेली गाडी चांगली नव्हे?

खरी गफलत इथेच होते. स्पोर्ट्स कार बहुधा हौसेची, सुट्टीच्या दिवसाची गाडी असते. वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ऑइल जुने होते, त्यात ओलावा साठतो, रबरी सील कडक होतात. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतही नाही. त्यामुळे वेळच्या वेळी ऑइल बदललेली, नियमित चालवलेली ८० हजार किलोमीटरची गाडी ही २० हजार चाललेल्या पण दुर्लक्षित गाडीपेक्षा चांगली ठरू शकते. जाहिरातीत मात्र कमी किलोमीटरचाच डांगोरा पिटला जातो आणि ग्राहक त्यासाठी जादा पैसे मोजतो.

हा प्रश्न एकाच कंपनीचा आहे का?

नाही. २००७ ते २०१३ या काळातल्या बीएमडब्ल्यू एम३ चे व्ही८ इंजिन मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेरे घेते. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग अकाली झिजतात, म्हणून जाणकार मालक ती आधीच बदलून घेतात. ताकदीसाठी इंजिन मर्यादेपर्यंत ताणले की चुकीला जागा कमी उरते, हे इथेही दिसते.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, त्या मॉडेलची माहिती असलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी. इंजिन थंड असतानाच सुरू करून आवाज ऐकावा. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर पुन्हा यावे. ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, ते पाहावे. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. बोरस्कोपने सिलिंडरच्या भिंतींवरचे ओरखडे दिसतात. हा ९९६ आणि तिच्यानंतरच्या ९९७ च्या सुरुवातीच्या गाड्यांतला दुसरा परिचित दोष आहे. पोर्शेच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये मर्यादेबाहेर फेरे झाल्याची नोंदही राहते. सर्व्हिसची बिले तारखेनिशी पाहावीत.

मग घ्यावी की नाही?

घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. बेअरिंगच्या धास्तीमुळेच ९९६ अनेक वर्षे सर्वांत स्वस्त ९११ राहिली. २००५ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत क्लच बदलताना हे बेअरिंगही बदलता येते, कारण गिअरबॉक्स तेव्हा उतरवलेलाच असतो. ज्याने हे काम करून बिल जपले आहे, त्याच्या गाडीला चार पैसे जास्त देणे शहाणपणाचे. मुंबई-पुण्यात जुनी आलिशान गाडी शोधणाऱ्यांनीही, मॉडेल कोणतेही असो, आधी त्या इंजिनाचे ठाऊक असलेले दोष समजून घ्यावेत आणि दुरुस्तीची रक्कम बाजूला ठेवूनच भाव ठरवावा. विक्रेता तपासणीलाच नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.