आहारविवेक : एक हंडी, सर्वांसाठी

मार्गशीर्ष लागला की बुलढाणा जिल्ह्यात घाटावरची थंडी बोलू लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर, तसेच चिखली, मेहकर या भागांत दिवस कलताच काहीतरी ऊन ऊन खावेसे वाटते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव येथे कापसाचा हंगाम ऐन भरात असतो. पुण्या-मुंबईला शिकणारी मुले याच सुमारास सुट्टीत घरी येतात आणि येताना नव्या पदार्थांची नावे घेऊन येतात. चीज फॉन्ड्यू हे त्यांपैकीच एक नाव. वितळलेल्या चीजचे भांडे मध्यभागी ठेवायचे, भोवती सर्वांनी बसायचे आणि लांब काट्याला तुकडा टोचून त्यात बुडवून खायचा, असा हा स्वित्झर्लंडचा प्रकार आहे. प्रवासी कंपन्यांबरोबर, सोबत महाराज नेऊन, आल्प्स पाहून आलेल्या कुटुंबांना तो ऐकून तरी माहीत असतो.

मागणी साधी दिसते. पण तिच्यातून अनेक व्यापारी घरांत दोन पंगती होऊ लागल्या आहेत. आजी चौविहार करणाऱ्या, त्या दिवस असतानाच एकट्या जेवून घेतात. दुकानातील मंडळी दिवाबत्तीच्या वेळी कशीबशी दोन घास खातात. मुले रात्री बाहेरून मागवलेला पदार्थ आपल्या खोलीत बसून खातात. भांडण कोणाचेच नसते, तरी एका छताखालच्या तीन पिढ्या आठवडाभर एका ठिकाणी जेवत नाहीत. म्हणून फॉन्ड्यूचा विचार करताना केवळ ‘चालेल की नाही’ एवढा प्रश्न पुरत नाही. ज्या पदार्थाचे सारे वैशिष्ट्य एका भांड्याभोवती बसण्यात आहे, त्या भांड्याजवळ आजीलाही बसता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी मूळ पदार्थ नीट पाहावा लागतो. चीज आणि मद्य एकत्र शिजवण्याची कृती झुरिच येथे १६९९ साली लिहिलेल्या अॅना मार्गारेथा गेसनर यांच्या पाककृतिसंग्रहात आढळते. पुढे स्वित्झर्लंडमधील चीज उत्पादकांच्या संघाने १९३० च्या दशकात फॉन्ड्यूचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून मोठा प्रचार केला. ‘फॉन्ड्यू’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ वितळलेला. जुन्या फ्रेंच पुस्तकांत याच नावाने अंडी घातलेला पदार्थही सांगितलेला आहे. त्यामुळे परदेशी कृती वाचताना सावध असावे. प्रचलित स्विस कृतीत भांड्याला आतून लसूण चोळतात, पांढरी वाइन तापवून तीत चीज वितळवतात आणि शेवटी चेरीपासून काढलेले मद्य घालतात. बुडवायला पाव असतो. म्हणजे जैन स्वयंपाकघराने थांबून पाहावे अशा गोष्टी एकाच भांड्यात चार-पाच निघतात.

पहिली गोष्ट चीजची. दुधाचे चीज करण्यासाठी ते विरजावे लागते, आणि युरोपात या कामी परंपरेने वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. फॉन्ड्यूचा प्राण मानले जाणारे ग्रुयेर चीज आजही नियमाप्रमाणे अशाच रेनेटने करतात. तेव्हा परदेशातून आणलेली चीजची वडी कितीही कौतुकाची असली, तरी ती या हंडीत येऊ शकत नाही. भारतात परिस्थिती वेगळी आहे. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांतील चीजच्या व्याख्येतच अप्राणिज रेनेटचा उल्लेख आहे. आणंदच्या सहकारी दुग्धसंघाचे अमूल असो वा पुणे जिल्ह्यात मंचर येथे १९९२ साली देवेंद्र शहा यांनी उभारलेल्या पराग दूध उद्योगाचे गो चीज असो, वेष्टनावरील चौकटीतला हिरवा ठिपका पाहून ते घेता येते.

मात्र हिरव्या ठिपक्याने जैन गृहिणीचे सर्व प्रश्न सुटत नाहीत. अप्राणिज रेनेट अनेकदा विशिष्ट बुरशीपासून अथवा सूक्ष्म जीवांकरवी आंबवून तयार करतात. चीज महिनोन्महिने मुरवलेलेही असते. त्यामुळे त्यागी व व्रती मंडळी, तसेच अनेक श्रावक-श्राविका चीज मुळीच घेत नाहीत. त्यांचा नियम हा ‘जुन्या वळणाचा हट्ट’ नव्हे. पदार्थ कशापासून, कसा आणि किती दिवसांपूर्वी झाला, हे विचारण्याची ती शिस्त आहे. व्यापारात मालाची प्रत आणि तारीख पाहिल्याशिवाय गाठोडे न उचलणाऱ्या घराला ही शिस्त कळायला अवघड जाऊ नये. अशा व्यक्ती घरात असतील तर ताज्या पनीरची हंडी करावी. तिची कृती पुढे दिली आहे.

दुसरी गोष्ट मद्याची. मद्य महाविगईत मोडते, आणि ‘शिजल्यावर उडून जाते’ हे समर्थन येथे उपयोगाचे नाही. तरी स्विस लोक ते का घालतात, हे समजून घेतले म्हणजे त्याच्या जागी काय घालावे हे कळते. चीजमधील प्रथिने कॅल्शियमने एकमेकांना बांधलेली असतात. उष्णता लागताच ती आवळली जातात, स्निग्धांश बाहेर पडतो आणि भांड्यात एकीकडे तेल, दुसरीकडे चिवट गोळा अशी अवस्था होते. वाइनमधील आम्ल त्या कॅल्शियमला धरून ठेवते आणि मिश्रण एकजीव राहते. हेच काम लिंबाच्या रसातील आम्ल चांगले करते. प्रोसेस्ड चीजमध्ये त्याच जातीचे क्षार आधीच असतात. वेष्टनावर ३३१ हा क्रमांक दिसला तर तो सोडियम सायट्रेटचा, म्हणजे लिंबातील आम्लाच्या क्षाराचा समजावा. जोडीला मक्याचे पीठ, म्हणजे बाजारातील कॉर्नफ्लोअर, घातले की मिश्रण फुटण्याचे भय उरत नाही. मद्याचे काम अशा रीतीने निर्दोष वस्तूंनी भागते.

तिसरी गोष्ट लसणाची. तिच्या जागी चमचाभर तुपात चिमूटभर हिंग फुलवून भांड्यात फिरवावा. बाजारातील ‘हर्ब्ज’ असे लिहिलेल्या तयार मिश्रणांत आणि मसालेदार चीजमध्ये लसूण व कांद्याची पूड सर्रास असते, म्हणून घटकांची यादी वाचल्याविना ती घेऊ नयेत. खरे पाहता त्यांची गरजही नाही. परदेशी थाइमचा जो गंध असतो, तो थायमॉल या द्रव्याचा. आपल्या ओव्याचा गंधही त्याचाच. हातावर चोळलेला ओवा, भरडलेले जिरे, ताजी मिरी आणि बारीक चिरलेली कोथिंबीर व पुदिना एवढ्याने हंडी दरवळते.

येथे ऋतूचा विचार येतो. ज्या घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पालेभाजीचा त्याग असतो, तेथे हिरव्या पानांची हंडी या थंडीच्या चार महिन्यांतच करता येते. आठवडी बाजारात कोवळी कोथिंबीरही याच दिवसांत भरपूर येते. पाने एकेक करून उजेडात दोन्ही बाजूंनी पाहावीत, मगच धुवावीत. ही जयणा मुलांच्या हातून करवून घेतली तर ती पुस्तकापेक्षा लवकर मनात उतरते. आठम-चौदशीला हिरवे वर्ज्य असेल तर केवळ ओवा, जिरे आणि मिरी घालून हंडी करावी. चवीत उणेपणा येत नाही.

चौथी गोष्ट पावाची. पाव आंबवलेल्या, ओलसर आणि बहुधा आदल्या दिवशीच्या पिठाचा असतो. आपल्याकडे त्याहून सरस वस्तू आहे, ती म्हणजे वऱ्हाडी बट्टी. त्याच दिवशी केलेल्या, खमंग बट्टीचे चौकोनी तुकडे बाहेरून कडक व आतून मऊ असल्याने चीज उत्तम धरून ठेवतात. ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे, गव्हाचा जाडसर खाखरा, उकडलेल्या कच्च्या केळ्याच्या फोडी, वाफवलेल्या फरसबीच्या शेंगा आणि ढोबळी मिरची हेही चालते. ज्याचा ज्या भाजीचा त्याग असेल, ती त्याच्या ताटात नसावी. द्विदल पाळणाऱ्या घरांनी बेसन वा मूग-मठाच्या पिठाचे पदार्थ सोबत ठेवू नयेत. म्हणजे शंकेला जागा राहत नाही. गहू, ज्वारी आणि मका यांना ती अडचण नाही.

आता कृती. चौघांसाठी किसलेले चीज २०० ग्रॅम, दूध १ वाटी (सुमारे २०० मिलिलिटर), कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, लिंबाचा रस अर्धा लहान चमचा, तूप १ लहान चमचा, हिंग चिमूटभर, ओवा व भरडलेले जिरे प्रत्येकी पाव लहान चमचा, मिरपूड चवीपुरती, चिरलेली कोथिंबीर व पुदिना प्रत्येकी १ मोठा चमचा घ्यावा. मीठ शक्यतो घालू नये. चीजमध्ये ते असतेच. जाड बुडाच्या भांड्यात तुपावर हिंग, ओवा व जिरे फुलवावे. थोड्या गार दुधात कॉर्नफ्लोअर कालवून ते उरलेल्या दुधासह भांड्यात ओतावे आणि ढवळत उकळी आणावी. दूध दाटसर झाले की आच अगदी मंद करावी. किसलेल्या चीजला लिंबाचा रस चोळून ते मूठ-मूठ घालावे. पहिली मूठ विरघळल्यावरच दुसरी टाकावी. चमचा गोल न फिरवता इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे फिरवावा, म्हणजे चीजचा गोळा होत नाही. चीज घातल्यावर उकळी येऊ देऊ नये. भांडे उतरवून शेवटी मिरपूड व हिरवी पाने घालावीत. फॉन्ड्यू फारच घट्ट वाटला तर चमचाभर गरम दूध घालून तो सैल करता येतो.

पनीरची हंडी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पनीर उकळत्या दुधात आम्ल घालून केलेले असल्याने त्यातील कॅल्शियम बरेचसे निघून गेलेले असते आणि म्हणून ते कितीही तापवले तरी चीजसारखे वितळत नाही. ते वाटूनच घ्यावे लागते. त्याच दिवशी १ लिटर म्हशीचे दूध लिंबाने नासवून पनीर काढावे. ते सुमारे २०० ग्रॅम निघते. दाबून घट्ट न करता, मऊ असतानाच अर्धी वाटी गरम दुधाबरोबर अगदी गुळगुळीत वाटावे. वर सांगितल्याप्रमाणे फोडणी करून दाटसर केलेल्या १ वाटी दुधात हे वाटण मिसळावे, मीठ घालावे आणि दोन मिनिटे मंद आचेवर ढवळावे. तार सुटत नाही, पण पोत मलईसारखा येतो आणि ओवा-मिरीची चव अधिक खुलते. घरात एकाही व्यक्तीला चीजचा त्याग असेल तर दोन वेगळ्या हंड्या करण्यापेक्षा सर्वांसाठी हीच करावी. ज्याचा नियम सर्वांत कडक, त्याच्या मापाने भांडे लावले की कोणालाच उठून जावे लागत नाही.

उरली पाचवी गोष्ट, आणि ती पुष्कळदा ध्यानातच येत नाही. फॉन्ड्यूमध्ये तोंडात गेलेला काटा पुन्हा सर्वांच्या भांड्यात जातो. उष्ट्या अन्नात अंतर्मुहूर्तानंतर, म्हणजे ४८ मिनिटांनी, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती मानणाऱ्या आपल्या परंपरेत हे बसत नाही; आरोग्याच्या दृष्टीनेही ते श्रेयस्कर नाही. उपाय सोपा आहे. हंडी मधोमध ठेवावी आणि तिच्यातून पळीने प्रत्येकाच्या लहान वाटीत थोडे थोडे वाढावे. आजीने वाढावे, हे सर्वांत उत्तम. हंडीखाली मेणबत्ती किंवा स्पिरिटचा दिवा लावण्याची पद्धत आहे. त्याऐवजी कढत पाण्याच्या पसरट पातेल्यात हंडी ठेवावी. ती अर्धा तास उबदार राहते आणि ज्योतीवर येणाऱ्या चिलटांची हिंसाही टळते.

वेळ मात्र आधीच ठरवावी लागते. पौष महिन्यात बुलढाण्याकडे सूर्यास्त सायंकाळी सहाच्या आसपास होतो. तेव्हा बट्ट्या चारपर्यंत तयार हव्यात, पाचला हंडी चुलीवर चढावी आणि साडेपाचच्या आत सर्वांचे हात धुऊन व्हावेत. बाजार बंद असण्याच्या दिवशी हे सहज जमते. दुकानाच्या दिवशी गल्ल्यावर एकाला बसवून उरलेल्यांनी अर्धा तास घरी यावे. महिन्यातून एकदा अर्धा तास दुकान थोड्या माणसांवर चालले तर पेढीचे काही अडत नाही.

शेवटी मापाविषयी. वर दिलेले प्रमाण चौघांना पुरेल एवढेच आहे, कारण हा पदार्थ उरवून ठेवण्याजोगा नाही; थंड झाल्यावर तो आळतो आणि रात्र गेली की बासी होतो. घरात आठ माणसे असतील तर प्रमाण दुप्पट करावे, अडीचपट करू नये. वाटी पुसून घेण्यासाठी बट्टीचा एक तुकडा राखून ठेवावा. त्यानंतर वाटीत थोडे गरम पाणी घालून ती धुऊन पिण्याची रीत मुलांना आजीकडून सहज शिकता येते, कारण त्या वेळी दोघेही एकाच पंगतीत बसलेले असतात.