ऐकायचे तर 'द मेसेज'पासून

हिप-हॉप म्हणजे गाणे नव्हेच, नुसती बडबड आणि वर शिव्या, असे आपल्याकडच्या अनेक रसिक घरांत कधीच ठरून गेले आहे. मुलांच्या खोलीतून तो ठेका ऐकू आला की दार लोटून घ्यायचे, एवढाच आपला त्या संगीताशी संबंध. शिव्या आहेत, हे खोटे नाही. काही गाण्यांत बायकांबद्दल जे बोलले जाते ते ऐकून कुणाचेही डोके फिरावे. पण दार लोटल्याने मुले काय ऐकतात ते आपल्याला कळत नाही आणि ऐकण्याजोगे काय आहे ते मुलांनाही कुणी सांगत नाही. मग जे सर्वांत मोठ्याने वाजते तेच त्यांच्या कानी पडते. म्हणूनच नव्या श्रोत्याने, तो सोळा वर्षांचा असो की साठ, सुरुवात कुठून करावी हा प्रश्न क्षुल्लक नाही.

या संगीताचे जन्मस्थान न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स. वस्तीची छाती चिरून गेलेला महामार्ग, जळालेल्या इमारती, बेकारी असे ते सत्तरचे दशक होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ, जमैकात जन्मलेला कूल हर्क, रेकॉर्डी लावायला उभा राहिला. नाचणारे गाण्यातल्या नुसत्या तालवाद्यांच्या तुकड्याची वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवून तो तुकडा लांबवायची युक्ती त्याची. त्या तालावर बोलणे आले आणि बोलण्याला यमके जुळली. पोवाडा ऐकून वाढलेल्या कानांना यात परके वाटण्यासारखे खरे तर काही नसावे.

नव्या श्रोत्याला बहुतेक जाणकार आधी 'रॅपर्स डिलाइट' (१९७९) ऐकवतात. मला ते पटत नाही. गाजलेले पहिले रॅप गाणे म्हणून त्याचा मान आहेच, पण शेजारच्या न्यू जर्सीत जमवलेल्या तिघांचे ते गाणे म्हणजे निव्वळ मौज. 'शीक' या डिस्को गटाच्या सुरावटीवर ते बेतलेले, आणि त्याचे श्रेय मूळ संगीतकारांना नंतर द्यावे लागले. पाय थिरकतात, पण मन जागचे हलत नाही.

मन हलते ते 'द मेसेज' (१९८२) ऐकताना. चाल संथ, जवळजवळ उदास. एक माणूस आपल्या गल्लीचे वर्णन करतो: फुटक्या काचा, उंदीर, झुरळे, वसुलीची माणसे, लोटला जाऊन तोल सुटायच्या बेतात आलेला स्वतःचा जीव. आणि शेवटच्या कडव्यात याच वस्तीत जन्मलेल्या एका मुलाची संपूर्ण कहाणी येते. तुरुंगातल्या कोठडीत ती संपते. उपदेश कुठे नाही. गंमत अशी की रेकॉर्डवर नाव 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह' असे असले तरी खुद्द फ्लॅशचा त्यात हात नाही. बोल मुख्यतः मेली मेल आणि डूक बूटी यांचे. असले रडगाणे पार्टीत कोण ऐकणार, अशी गटाला धास्ती होती. सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने हट्ट धरला म्हणून ते झाले. वस्तीची कैफियत नाचाच्या तालावर मांडता येते, हे या गाण्याने दाखवले. धारावीतल्या रॅपर मुलाला नायक करणारा 'गली बॉय' (२०१९) ज्यांना भावला, त्यांनी त्या वाटेचे हे जुने टोक ऐकायलाच हवे.

त्यानंतर 'पब्लिक एनिमी'चे 'फाइट द पॉवर' (१९८९). स्पाइक ली याने 'डू द राइट थिंग' चित्रपटासाठी ते करवून घेतले. कानावर इतके आवाज एकदम आदळतात की पहिल्यांदा गोंधळ वाटेल. वाटू द्यावा, तो मुद्दाम घातलेला आहे. मग नाझचे 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' (१९९४). विशीतला हा मुलगा क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळींचे बारकावे असे टिपतो की डोळ्यांपुढे जिने उभे राहतात. मागे जुन्या जॅझ रेकॉर्डमधला पियानो. त्याचे वडील ओलू दारा हे जॅझवादक. याच अल्बममधल्या दुसऱ्या एका गाण्यात त्यांचे कॉर्नेट वाजते.

बायकांच्या अपमानाचा मुद्दा वर काढला होता. त्याला उत्तर आपण देण्याची गरज नाही, क्वीन लतिफाने ते १९९३ मध्येच देऊन ठेवले आहे. 'युनिटी' हे ते गाणे. रस्त्यातली छेडछाड, घरातली मारहाण, तोंडात सहज येणारी घाणेरडी संबोधने या सगळ्यांचा ती हिप-हॉपच्याच भाषेत समाचार घेते. या गाण्याला ग्रॅमी मिळाले. घरात मुलगे असतील तर हे त्यांना आवर्जून ऐकवावे.

आणि टुपाक शकूरचे 'डिअर मामा' (१९९५). त्याची आई अफेनी ही ब्लॅक पँथर चळवळीतली कार्यकर्ती. पुढे ती व्यसनात सापडली. मुलगा यातले काही लपवत नाही. तिची नशा, घरातले दारिद्र्य, स्वतःचे तुरुंग, सगळे सांगतो, आणि तरीही तिचे आभार मानतो. आईवरची गाणी आपल्याकडे उदंड आहेत, पण आईच्या चुका उघड सांगून तिच्यावर इतके प्रेम करणारे गाणे मला तरी चटकन आठवत नाही. हे लिहिणारा १९९६ मध्ये पंचविसाव्या वर्षी गोळीबारात गेला. अफेनी त्याच्यानंतर वीस वर्षे जगली.