न वाहिलेल्या भाराचे चित्र

मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृती करण्याचा छंद जगभर जोपासला जातो. बाजारात सुट्या भागांचे तयार संच मिळतात. त्यांतील क्रमांक दिलेले भाग सोडवून, घासून, चिकटवून आणि रंगवून प्रतिकृती पुरी करता येते. या छंदाची एक अवघड शाखा मात्र अशी आहे की तीत संचच नसतो. प्लॅस्टिकचे साधे पत्रे, पट्ट्या, पितळी तार आणि मूळ वस्तूची मापे एवढ्याच भांडवलावर सारे काही उभे करावयाचे असते. इंग्रजीत या प्रकारास ‘स्क्रॅच-बिल्डिंग’ म्हणतात. मराठीत त्यास ‘मुळापासून घडवणे’ म्हणता येईल.

या शाखेतील कारागिरांना दीर्घकाळ मोह घालणारे एक वाहन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील ‘डायमंड टी’ हा लष्करी ट्रक आणि त्यामागे जोडला जाणारा चोवीस टायरांचा ट्रेलर. रणगाडे वाहून नेणे हे या जोडीचे काम. ब्रिटिश सरकारने १९४० साली अमेरिकेत अवजड ट्रकांची मागणी नोंदवली आणि शिकागो येथील डायमंड टी कंपनीने ती पुरी केली. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच हजारांहून अधिक ट्रक तयार झाले. हर्क्युलिस कंपनीचे सहा सिलिंडरांचे, सुमारे दोनशे अश्वशक्तीचे डिझेल इंजिन त्यात बसवलेले असे. म्हणूनच त्याचे नाक इतके लांब दिसते. ट्रेलरची क्षमता अमेरिकी मापाने ४५ टन होती.

रणगाड्याला स्वतःची पोलादी साखळी असताना त्याला पाठीवर घेऊन जाण्याची गरज का भासावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर झिजेत आहे. रणगाड्याच्या पट्ट्या आणि इंजिन लांबच्या प्रवासात लवकर झिजतात. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात शेकडो किलोमीटरांची अंतरे होती. तेथे रणगाडा स्वतः चालत गेला, तर रणांगणावर पोहोचेपर्यंतच त्याची शक्ती खर्च होई. दुसरे काम त्याहून महत्त्वाचे होते. लढाईनंतर मैदान ज्याच्या ताब्यात राही, तो पक्ष आपले नादुरुस्त रणगाडे ओढून नेऊन दुरुस्त करू शके. जो मागे हटे, त्याचे किरकोळ बिघडलेले रणगाडेही कायमचे जात. त्यामुळे हे वाहन म्हणजे केवळ हमाल नव्हे. सैन्याच्या ताळेबंदातील बुडीत खाती वसूल करणारे ते एक साधन होते.

अशा वाहनाची प्रतिकृती सहसा १:३५ या प्रमाणात करतात. हे प्रमाण काहीसे विचित्र वाटते आणि त्यामागील कारणही गमतीचे आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी ‘पँथर’ रणगाड्याचा मोटरीवर चालणारा संच काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात एवढा त्याचा आकार ठरवला गेला. नंतर हिशेब केला असता ते प्रमाण १:३५च्या आसपास निघाले आणि पुढे तेच रूढ झाले. या मापाने सुमारे सात मीटर लांबीचा डायमंड टी वीस सेंटीमीटरांचा होतो. ट्रेलर जोडला की संपूर्ण जोडी जेवणाच्या टेबलाच्या रुंदीचा बराच भाग व्यापते.

लांबी ३५ पटींनी कमी झाली, तरी वजन मात्र ३५ पटींनी कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही ३५ने भागल्या जातात. म्हणजे घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. बारा टनांचा रिकामा ट्रक त्याच धातूत, त्याच बारकाईने लहान केला, तर तो जेमतेम २८० ग्रॅम भरेल. तीस टनांचा शेरमन रणगाडा ७०० ग्रॅमचा होईल. प्लॅस्टिकची प्रतिकृती तर याहूनही हलकी असते. येथेच या कलेची खरी कसोटी लागते. एका हाताने सहज उचलता येणारी वस्तू पाहणाऱ्याला अवाढव्य वजनाची वाटली पाहिजे. जो भार तिने कधी वाहिलाच नाही, तो तिच्या अंगावर दिसला पाहिजे.

कामाचा आरंभ मापांपासून होतो. युद्धकालीन देखभाल-पुस्तिका, जुनी छायाचित्रे आणि युरोपात हौशी संग्राहकांनी जतन केलेली मोजकी वाहने हे त्याचे आधार असतात. छायाचित्रातून माप काढायचे तर एक ज्ञात लांबी लागते. या ट्रकच्या चाकाची रिम २० इंची, म्हणजे ५०८ मिलिमीटर व्यासाची आहे, हे एकदा कळले की तीच फूटपट्टी होते. तिच्याशी ताडून दरवाजाची उंची, बॉनेटची लांबी, पायरीचे अंतर काढता येते. अर्थात छायाचित्रात जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसते. म्हणून चाकाच्याच प्रतलातील मापे विश्वासार्ह धरावयाची आणि इतर मापे दोन-तीन छायाचित्रांवरून पडताळून घ्यावयाची, असा शिरस्ता आहे. एका साक्षीवर निकाल देऊ नये, हे सूत्र येथेही लागू पडते.

मग चासीचा सांगाडा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या जोडून दोन लांब पन्हळी तुळया तयार करतात आणि काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून त्यांच्यात आडवे दांडे बसवतात. प्लॅस्टिकसाठी वापरला जाणारा पातळ द्राव हा नेहमीच्या अर्थाने डिंक नव्हे. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि द्राव उडून गेल्यावर ते एकजीव होतात. त्यामुळे चूक दुरुस्त करण्यास थोडाच अवधी मिळतो. चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्याने तपासतात, पण खरी परीक्षा कर्णांची असते. दोन्ही कर्ण सारखे भरले, तरच आयत खरा. येथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला, तर तो पुढे आसांमध्ये, मग चाकांमध्ये उतरतो आणि अखेरीस दहांपैकी एक चाक जमिनीपासून अधांतरी राहते. जमाखर्चाच्या पहिल्या पानावरील चूक अखेरच्या शिलकेत निघते, तसाच हा प्रकार.

चाकांची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. ट्रकची दहा आणि ट्रेलरची चोवीस मिळून चौतीस टायर होतात. सुटी चाके वेगळी. प्रत्येक टायर स्वतंत्र कोरणे व्यवहार्य नसते. म्हणून प्रत्येक प्रकारचा एकच उत्तम नमुना घडवतात, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घेतात आणि साच्यात रेझिन ओतून प्रती काढतात. यात श्रम वाचतात, मात्र जबाबदारी वाढते. मूळ नमुन्यावर राहिलेला एक ओरखडा चोवीस ठिकाणी उमटतो.

या चाकांमधूनच वाहनाचे कार्य उलगडू लागते. ट्रेलरची चाके एवढी लहान आणि एवढी पुष्कळ का? लहान, कारण रणगाडा चढवायचा असल्यामुळे तळ जमिनीलगत हवा. पुष्कळ, कारण तोच भार अनेक टायरांवर वाटला गेला तर रस्ता खचत नाही. ट्रकच्या मागील हौद्यात लोखंडाचे ओझे का ठेवत? कारण ओढणारा हलका असेल तर त्याची चाके जागीच फिरतात; जड ओढायचे तर स्वतःही जड व्हावे लागते. केबिनमागील विंच कशासाठी? बंद पडलेला रणगाडा स्वतः चढू शकत नाही, त्याला दोराने ओढून वर घ्यावा लागतो. तयार संच जोडणारा हे भाग क्रमाने चिकटवून पुढे जातो. मुळापासून घडवणाऱ्याला मात्र प्रत्येक भागाचे ‘का’ समजून घ्यावेच लागते, कारण त्याशिवाय त्याचे माप आणि स्थान निश्चित करता येत नाही.

विंचवरील दोर ३०० फूट लांबीचा असे. पुढील सुधारित ट्रकवर तो ५०० फूट झाला. १:३५ प्रमाणात ३०० फूट म्हणजे सुमारे २ मीटर ६० सेंटीमीटर. एवढी बारीक पिळाची तार त्या इवल्या रिळावर गुंडाळावी काय? आतील थर कोणासही दिसणार नाहीत. बहुतेक कारागीर आत गाभा ठेवून वरचे एक-दोन थरच गुंडाळतात. पत्र्याच्या जाडीबाबतही अशीच तडजोड असते. मडगार्डचा दोन मिलिमीटरांचा पत्रा प्रमाणात ०.०६ मिलिमीटरांचा व्हावा. एवढे पातळ प्लॅस्टिक हातात टिकणारच नाही. म्हणून पाव मिलिमीटरचा पत्रा घेऊन त्याची दिसणारी कड तेवढी आतून तासून धारदार करतात. पाहणारा कडेवरूनच जाडी ठरवतो. हुबेहूबपणा म्हणजे प्रत्येक आकड्याची आंधळी नक्कल नव्हे. काय दिसते आणि ते कसे दिसते, याचा तो विवेक आहे.

भार दाखवण्याची कला याच विवेकातून साधते. जमिनीला टेकणारा टायर पूर्ण गोल ठेवला तर गाडी फुग्यांवर उभी असल्यासारखी दिसते. म्हणून टायरचा तळ किंचित घासून सपाट करतात आणि दोन्ही बाजूंना हलका फुगीरपणा देतात. रिकाम्या गाडीचे पाटे अधिक कमानदार, लादलेल्या गाडीचे सपाटीकडे झुकलेले. रणगाडा जखडणाऱ्या साखळ्या ताणलेल्या हव्यात. सैल साखळीने सारा भ्रम नाहीसा होतो. रंगाचा थर दशांश मिलिमीटर झाला तरी तो प्रत्यक्षातील साडेतीन मिलिमीटरांएवढा जाड ठरतो आणि रिबिटांची डोकी बुजतात, म्हणून रंग पातळ आणि अनेक हातांनी द्यावा लागतो. असे लहान लहान निर्णय योग्य ठरले की काही ग्रॅमचे प्लॅस्टिक अकस्मात टनावारी जड वाटू लागते.

युद्धाशी निगडित वस्तूची प्रतिकृती घरात असावी काय, हा प्रश्न अनेक कुटुंबांत विचारला जातो आणि तो रास्त आहे. या ट्रकवर तोफ नाही, तो मोडलेले उचलून आणतो, असे सांगून सुटका करून घेता येत नाही. दुरुस्त झालेला रणगाडा पुन्हा लढाईवरच जात असे आणि परत आणलेल्या काही रणगाड्यांतील माणसे परत आलेली नसत. कारागिराला हे विसरून चालत नाही. पिचलेले चिलखत, करपलेला रंग दाखवताना तो काय दाखवीत आहे, याचे भान राहिले तर मुलांना युद्धाचा थरार नव्हे, तर त्याची किंमत समजावून सांगण्याची संधी त्यातून मिळते.

२०१०नंतर या जोडीचा प्लॅस्टिकचा तयार संचही बाजारात आला. वर्षभराच्या श्रमाने जे घडत होते, ते आता एका खोक्यात मिळू लागले. मग पूर्वी केलेल्या कामाचे मूल्य शून्य झाले काय? प्रतिकृतीचे मूल्य केवळ तिच्या दुर्मीळपणात असते, तर होय. परंतु ज्याने ट्रकची प्रत्येक तुळई स्वतः मोजली, त्याला तो ट्रक जसा समजला, तसा खोक्यातून समजत नाही. तो लाभ कोणताही संच कमी करू शकत नाही.

ज्यांना हा मार्ग चोखाळावासा वाटेल, त्यांनी लहान वाहनापासून आरंभ करावा. धारदार कटर, पोलादी पट्टी, गुण्या, काचकागद आणि प्लॅस्टिकचे दोन-तीन पत्रे एवढे साहित्य पुरते. चिकटवण्याचा द्राव खिडकी उघडी ठेवूनच वापरावा, रेझिन घासताना तोंडावर मास्क असावा आणि मुलांच्या हाती कटर देताना वडीलधाऱ्यांनी जवळ बसावे. महाराष्ट्रातील वाचकांना अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात खरे रणगाडे पाहता येतात. त्यांच्या शेजारी उभे राहिल्यावर ट्रेलरवर किती ओझे येत असेल याची कल्पना येते. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे अनेक दशके तयार झालेला आपल्या सैन्याचा ‘शक्तिमान’ ट्रकही याच रीतीने घडवता येईल.

प्रतिकृती पुरी झाली की पाहुणे तिचे वरचे रूप पाहतात, कौतुक करतात आणि पुढे जातात. खालची चासी, सारखे भरलेले कर्ण आणि जमिनीला टेकलेली सर्व चाके क्वचितच कोणाच्या नजरेस येतात. तरीही गाडी सरळ उभी असते ती त्यांच्याच बळावर.