किल्ली हाती आली. ताबा मिळाला का?

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या, दाट वस्तीतून नव्या इमारतीतील सदनिकेत जाणारे कुटुंब केवळ पत्ता बदलत नाही. जुन्या घराचे छप्पर गळो वा नळ कोरडा पडो, दुरुस्ती कोणी करायची हे ठरलेले असते. सदनिकेत मात्र गच्ची, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची व्यवस्था सामाईक असते. ती सांभाळणारी रहिवाशांची संस्था प्रवेशाच्या दिवशी बहुधा अस्तित्वातच नसते. नव्या घरातील अनेक तक्रारी या पोकळीतून जन्मतात.

कायदा याविषयी मुका नाही. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार, म्हणजे ‘रेरा’नुसार, ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाची रचना, कारागिरी, दर्जा वा सेवा यांत दोष आढळून तो विकासकाच्या निदर्शनास आणल्यास त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती केली पाहिजे. स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसल्यास बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून ३ महिन्यांत रहिवाशांची संस्था स्थापन होण्यासाठी त्याने साहाय्य करायचे आहे. अर्थात, संस्था प्रवेशापूर्वीच उभी राहू शकते. व्यवहारात प्रथम येते ती आगाऊ देखभाल खर्चाची मागणी आणि ‘कोणतीही तक्रार नाही’ असे लिहिलेले ताबापत्र. घरभाडे व कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणारा ग्राहक त्यावर निमूटपणे सही करतो.

याहून गंभीर प्रश्न भोगवटा प्रमाणपत्राचा आहे. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना १९९७ साली ताबा मिळाला. प्रमाणपत्र मिळाले नाही. परिणामी त्यांना २५ टक्के अधिक मालमत्ता कर आणि ५० टक्के अधिक पाणीपट्टी भरावी लागली. प्रमाणपत्र न मिळवणे ही सेवेतील त्रुटी असून ती सतत चालू राहणारी चूक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. निर्वाळा मोलाचा खरा. पण तोवर पाव शतक लोटले होते.

दोष केवळ विकासकांच्या माथी मारून हा प्रश्न सुटणार नाही. प्रमाणपत्र देते स्थानिक स्वराज्य संस्था, विकासकाला जाब विचारते रेरा प्राधिकरण आणि आदेशातील रक्कम न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करते महसूल यंत्रणा. तीन दारांच्या मधल्या अंगणात ग्राहक ताटकळत राहतो.

यावर उपाय खर्चिक नाहीत. भोगवटा वा पूर्णता प्रमाणपत्राच्या अर्जावर महापालिकेने ठरावीक मुदतीत, कारणांसह निर्णय द्यावा आणि तो जाहीर करावा. त्या प्रमाणपत्राविना किल्ली देणे दंडनीय ठरवून दंडाची वसुली खरोखर व्हावी. ताबा देताना उभय पक्षांनी मिळून पाहणी करावी आणि आढळलेल्या दोषांची स्वाक्षरीनिशी यादी करावी. तिच्याशिवाय ताबापत्र ग्राह्य धरू नये.

आयुष्यभराची बचत ओतून माणूस घर घेतो. त्या घराला कायद्याच्या लेखी अस्तित्व मिळवून देणे हे त्याचे काम नव्हे. ते विकासकाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.